सांगू नये

सकाळी सव्वादहाला दुकानाच्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांच्या फोनवर एकाच वेळी मेसेज गेला. पहिली ओळ साधी होती : 'नमस्कार, आपला कपडा तयार आहे.' बहुतेकांचा कपडा तयार नव्हता. कित्येकांनी तो शिवायलाच टाकला नव्हता. पण ओरड त्याबद्दल झाली नाही. ओरड झाली दुसऱ्या ओळीबद्दल.

पहिला फोन खाटकाचा आला. काउंटरवर दादा होता.

"काय हो, 'पोट सुटलंय, मान्य करत नाहीत, न सांगता कंबर दोन इंच ढिली ठेवणे'? हे माझ्याबद्दल आहे?"

दादाला काही कळेना. तो म्हणाला, "नाही, नाही, चुकून..."

"चुकून काय? बरोबर आहे! बायको सकाळपासून दहादा वाचतेय. फ्रेम करून लावते म्हणते." खाटीक इतका हसला की दादाने रिसीव्हर कानापासून लांब धरला. "पण दोन इंच कमी पडतात हो. तीन करा."

त्यानंतरच्या फोनमध्ये कुणी हसलं नाही. नाक्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आपली ओळ वाचून दाखवली, 'एक बाजू मोठी' इथपर्यंत आल्या आणि फोन ठेवला. नगरपालिकेतल्या कारकुनाने ओळ वाचली नाही. माझी मापं आजच्या आज परत करा, एवढंच म्हणाला. मापं परत कशी करायची हे दादाला विचारता आलं नाही.

आत मशीनवर बसलेल्या वहिनीने पायडल थांबवलं. "अहो, काय झालं?"

"तुझ्या नणंदेचं कॉलेज झालं," दादा म्हणाला.

दादाचे वडील, आबा, खिडकीपाशी बाही उसवत बसले होते. त्यांना हल्ली कमी ऐकू यायचं. एवढं बोलणं त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

*

ही नणंद, म्हणजे दादाची बहीण आत्या, त्या वेळी कम्युनिटी कॉलेजच्या तळमजल्यावर, मोबाइल ॲप डेव्हलपमेंटच्या वर्गात बसली होती. खोली वेल्डिंगच्या वर्कशॉपला लागून होती. मधूनमधून भिंतीपलीकडे ठिणग्यांचा चरचर आवाज यायचा आणि मॅडम तेवढा वेळ थांबायच्या. वर्गात एक टॅक्सीवाला होता, रात्रपाळी करून आलेल्या दोन नर्सा होत्या, आणि बाकी सगळी कोवळी पोरं. आत्या पंचावन्नची होती. दादा तिच्या या शिक्षणाला 'विरंगुळा' म्हणायचा. गिऱ्हाईक समोर असलं की तेही म्हणायचा नाही.

तिच्या शेजारी मुंगी बसायची. मुंगी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी दुकानातली बटणं रांगेने मांडत बसायची, तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं होतं. दादाच्या समजुतीप्रमाणे ती विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रत्यक्षात ती पहिल्याच वर्षी नापास होऊन बाहेर पडली होती. वर्गाच्या पहिल्या दिवशी आत्या दारातून आत आली आणि तिसऱ्या रांगेत तिला आपली भाची दिसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आत्या जाऊन तिच्या शेजारी बसली आणि एवढंच म्हणाली, "पेन आहे का गं जास्तीचं?" त्या दिवसापासून हे गुपित दोघींचं झालं.

प्रोजेक्ट दुकानाचाच करायचा असं आत्याने ठरवलं. मापं फोनमध्ये, कपडा तयार झाला की गिऱ्हाइकाला मेसेज. शुक्रवारी सगळ्या वर्गासमोर तो दाखवायचा होता.

दुकानात मापं घेण्याची एक रीत होती. आबा टेप लावून आकडा मोठ्याने सांगत आणि आत्या कापायच्या टेबलाशी उभी राहून तो लक्षात ठेवी. आकड्यांच्या मध्ये आबा इतर काही शब्द टाकत. 'पाहुणा' म्हणजे खांद्यात कापसाची भर. 'हंडी' म्हणजे पोट. 'वारा' म्हणजे गिऱ्हाईक मापाच्या वेळी श्वास रोखून धरतंय. गिऱ्हाइकाला वाटे, कारागिरांची आपापसातली बडबड चाललीय. असं चालावं म्हणूनच आबांनी ती भाषा केली होती. माणसाचं अंग कुठे कमी, कुठे जास्त, हे त्याला आपल्या तोंडून कळू द्यायचं नाही, हा दुकानाचा पहिला नियम. दुकानात आरसाही एकच होता, समोरचा. तीन पाखांचा आरसा आणू या म्हणून दादा वर्षानुवर्षं मागे लागला होता. आबांचं उत्तर ठरलेलं : "माणसाला पाठ दाखवायची नाही."

मॅडमचा नियम वेगळा होता. "तुमचं ॲप तुमच्या सवयीचं नको. परक्या माणसालासुद्धा वाचून कळलं पाहिजे," असं त्या प्रत्येक तासाला सांगत. आत्या आज्ञाधारक विद्यार्थिनी होती. तिने 'पाहुणा' काढला, 'हंडी' काढली, आणि सरळ भाषेत काय ते लिहिलं. नमुन्यासाठी खोटी माणसं घाला, असंही मॅडम म्हणाल्या होत्या. ते मात्र तिला जमेना. "खोट्या माणसाचं माप आणू कुठून?" ती मुंगीला म्हणाली. "मनाने आकडे टाकले की छाती आणि कंबर जुळतच नाही बघ. असला माणूस उभासुद्धा राहणार नाही." म्हणून तिने खरी माणसं घातली, त्यांच्या खऱ्या फोन नंबरांसकट.

मेसेज पाठवायचा भाग मुंगीचा. नाव, मजकूर आणि नंबर एवढंच उचलायच्या जागी तिने अख्खी नोंद उचलली होती, शेऱ्यासकट. हे तिला माहीत नव्हतं. ही सगळी खरी गिऱ्हाइकं आहेत, हे माहीत होतं. पण मॅडम पाठीशी येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि मुंगीचं बोट 'एक' ऐवजी 'सगळे' वर पडलं.

"पाठवू?" मुंगीने विचारलं.

"पाठव की," आत्या म्हणाली.

मॅडम खूष होऊन पुढच्या बाकाकडे गेल्या. थोड्या वेळाने आत्याचा फोन वाजला. दादा ओरडत नव्हता. तो हळू बोलत होता. त्यामुळे ती घाबरली.

"काय पाठवलंस तू? हेडमास्तर आलेत दुकानात. येऊन नुसते उभे आहेत. बसा म्हटलं तर बसत नाहीत."

फोन ठेवून आत्याने मुंगीसमोरचा लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि हेडमास्तरांची ओळ शोधली. ती तिनेच लिहिलेली होती. 'पाठीला डावीकडे पोक आहे, त्यांना माहीत नाही. कापसाची भर दुप्पट. सांगू नये.'

"तू इथेच थांब," ती म्हणाली.

"मी पाठवलं ना पण."

"तू इथे नाहीसच. विद्यापीठात आहेस. कळलं?"

मुंगी थांबली नाही. पण बसमध्ये दोघी वेगवेगळ्या सीटवर बसल्या.

*

हेडमास्तर कोट घालूनच आले होते. गावातल्या तीन पिढ्यांनी त्यांना कोटाशिवाय पाहिलेलं नव्हतं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी रस्त्यात एखादा वाकून चालणारा मुलगा दिसला की ते काठी टेकून म्हणत, "ताठ उभा राहा!" आणि मुलगा ताठ उभा राही. दादाही एकेकाळी त्यांच्या शाळेत होता. आजही ते दुकानात आले की तो नकळत खांदे मागे घेई. आत्ताही त्याने घेतले होते.

आत्या आत आली. तिने चपला काढल्या नाहीत, हात जोडले नाहीत, थेट त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, माझी चूक आहे. ते लिहिलं मी, आणि गेलं माझ्याच प्रोजेक्टमधून. तुमची माफी मागते."

"तू लिहिलंस," हेडमास्तर म्हणाले. "पण पाहिलं कुणी?"

तिची नजर आबांकडे गेली. हेडमास्तर खिडकीकडे वळले आणि आवाज चढवून म्हणाले, "आबा!"

आबांनी मान वर केली. मास्तर आलेले पाहून त्यांचा चेहरा नेहमीसारखा खुलला. "अरे वा, मास्तर! सूनबाई, चहा टाक. बसा ना, उभे का?"

"पहिला कोट शिवायला आलो तेव्हा मी तुम्हाला एक विचारलं होतं. आठवतं?"

आबांनी दादाकडे पाहिलं. दादाने खाली पाहिलं.

"मी नवीन नोकरीला लागलो होतो. तुम्ही मागे उभे राहून टेप लावलीत. मी विचारलं, पाठीला काही आहे का हो? तुम्ही म्हणालात, काही नाही, उभं राहायची सवय आहे तुमची, कोट घातला की जाईल."

"म्हणालो असेन," आबा सावकाश म्हणाले.

"मी ते खरं मानलं. घरी आई म्हणायची पोक आहे, आणि मी तिला सांगायचो की शिंप्याने बघितलंय, काही नाही. त्या जोरावर मी रोज सकाळी आठशे पोरांसमोर उभा राहिलो." त्यांनी खिशातून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला. "पोकाचं काही नाही, आबा. ते माझंच आहे, मीच वागवतोय. पण हे 'सांगू नये' तुम्ही कुणाकुणाला सांगितलं होतं? हिला. सुनेला. मशीनवर जो कोणी बसला असेल त्याला. मी इथे उभा असायचो, तुम्ही पाहुणे पाहुणे म्हणायचात, आणि मी हसायचो. मला वाटायचं, यांच्याकडे फार पाहुणे येतात."

वहिनीने तोंडाला पदर लावला. तिने स्वतः त्या भरीला कित्येकदा टाके घातले होते.

"मास्तर, झाकली मूठ..." आबांनी सुरुवात केली.

"मूठ माझी होती."

मग हेडमास्तर दादाकडे वळले. "तू शाळेत होतास माझ्या. पोरांना दिसायचं?"

दादाला आठवलं : मधली सुट्टी, भिंतीवर खडूने काढलेला उंट, त्याला चष्मा. काढणारा तो नव्हता. चष्मा त्याने काढला होता.

"नाही सर," दादा म्हणाला. "कोणालाच नाही."

हेडमास्तरांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्गात खोटं उत्तर देणाऱ्या मुलाकडे ते असंच पाहत. मग त्यांनी कोटाची बटणं एकेक करून काढली, कोट उतरवला, घडी न घालता काउंटरवर ठेवला, आणि नुसत्या शर्टात दुकानाबाहेर पडले.

मुंगी फुटपाथवर, पानाच्या टपरीच्या आडोशाला उभी होती. ते तिच्या समोरून गेले. त्यांना ती दिसली नाही. तिला त्यांची पाठ दिसली. शर्ट डावीकडे ताणून वर आला होता आणि खाली एक चुणी पडली होती. नाक्यावरच्या दोन पोरांनीही पाहिलं. ती हसली नाहीत. ती ताठ उभी राहिली, सवयीने.

*

"बंद," दादा म्हणाला. "कॉलेज बंद, ॲप बंद. या वयात हे थेर हवेत कशाला? आयुष्यभर कात्री चालवलीस, ती चालव."

"बरं," आत्या म्हणाली.

"बरं काय? लोक मापं परत मागतायत! आबांनी उभ्या आयुष्यात कमावलं, ते तू एका बटणात..."

"बटण मी दाबलं."

मुंगी दारात उभी होती. दादाला आधी ती इथे असल्याचंच आश्चर्य वाटलं. "तू? आज लेक्चर नाही?"

"मुंगे, जा," आत्या म्हणाली.

"आत्याने नाही, मी पाठवलं. मेसेजचा कोड माझा आहे. बाबा, मी विद्यापीठात नाही. मागच्या वर्षीच सोडलं. नापास झाले सगळ्यात. मी आत्याबरोबर असते, कम्युनिटी कॉलेजात."

दादा स्टुलावर बसला. त्याने गेल्याच आठवड्यात हेडमास्तरांना सांगितलं होतं, पोरगी दुसऱ्या वर्षाला आहे, पहिली आली. 'पहिली आली' हे त्याने स्वतःच जोडलं होतं. हेडमास्तर म्हणाले होते, मला ठाऊकच होतं.

"तुला माहीत होतं?" त्याने बहिणीला विचारलं.

आत्याने मान डोलावली.

"आणि तुला?"

वहिनीने मशीनवरून हात काढले. "बसचा पास बदलला तेव्हा कळलं. मग मी काही बोलले नाही."

"का?"

"तुम्ही प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतात. कुठल्या तोंडाने सांगणार तुम्हाला?"

"म्हणजे घरातल्या सगळ्यांना माहीत," दादा म्हणाला, "आणि मी इथे उभा राहून... लोकांना पेढे..." त्याने वाक्य सोडून दिलं.

"अहो," वहिनी हळूच म्हणाली, "आत्ता मास्तरांना असंच वाटलं असेल."

फोन पुन्हा वाजायला लागला. दादाने तो वाजू दिला.

मुंगीला वाटलं होतं, बाबा ओरडतील. ओरडण्याची तयारी तिने बसमध्ये केली होती. कुठल्या वाक्याला काय उत्तर द्यायचं तेही ठरवलं होतं. बाबांनी चेहरा हातांत लपवला. त्याला तिच्याकडे उत्तर नव्हतं.

"मला लाज वाटत होती," ती म्हणाली. "तुम्हाला नाही वाटू द्यायची होती."

"त्याचं तू बघू नकोस," दादा हातांआडून म्हणाला. "ती माझी मला वाटू दे."

आबा एवढा वेळ काउंटरवरच्या कोटाकडे पाहत होते. त्यांनी तो उचलला, आतली बाजू बाहेर काढली आणि अंगठ्याने डाव्या खांद्यामागचं अस्तर चाचपलं. भर चांगली बसली होती. कुठे गोळा नाही, कुठे खळगा नाही.

"असा कोट आता कुणी शिवणार नाही," ते म्हणाले. कौतुक करतायत की कबुली देतायत, आत्याला कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "त्या यंत्रात मी काय म्हणालो असं लिहिलंय? वाच."

"आबा, कशाला..."

"वाच म्हणतो ना."

आत्याने वाचलं. मोठ्याने, कारण हळू वाचलं असतं तर त्यांना ऐकू आलं नसतं. 'पाठीला डावीकडे पोक आहे, त्यांना माहीत नाही.'

"हे मी कधी म्हटलं?"

"तुम्ही 'डावीकडे पाहुणे दोन' म्हणायचात."

"मग तेच लिहायचं."

"परक्याला कळलं पाहिजे म्हणाल्या मॅडम."

आबा हसल्यासारखे झाले, पण हसू चेहऱ्यावर पोचलं नाही. "कळलं खरं." त्यांनी कोट हँगरला न लावता हातावर घेतला. "माझ्या चपला कुठायत?"

"मी येतो," दादा उठला.

"तू नको. तू आत्ताच मास्तरांशी खोटं बोललास. ऐकायला कमी येतं मला, दिसतं नीट." त्यांनी मुंगीकडे पाहिलं. "तू चल."

दादा पुन्हा बसला. दोघं रस्त्याच्या पलीकडे गेल्यावर त्याने वाजणारा फोन उचलला आणि म्हणाला, "हो, आमच्याकडूनच गेलं. चूक आमची." पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोललं. त्याने मध्ये तोडलं नाही. आत्या कापायच्या टेबलाशी गेली, लॅपटॉप उघडला आणि एकेका माणसाचा शेरा पुसायला लागली. खाटकाच्या ओळीपाशी ती थांबली, दोनाचे तीन केले, मग तीही पुसली.

*

हेडमास्तरांचं घर पोस्टाच्या मागच्या गल्लीत होतं. आबा हळू चालत आणि कोट मुंगीला धरायला देत नव्हते. वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "नापास कशात झालीस?"

"सगळ्यात."

"आणि इथे?"

"इथे जमतंय," मुंगी म्हणाली, आणि तिला आज सकाळचं आठवलं.

दाराला कडी होती, बेल नव्हती. आबांनी मुंगीला खूण केली. तिने कडी वाजवली. आतून बाईंचा, म्हणजे हेडमास्तरांच्या पत्नीचा, आवाज आला.

"कोण आहे?"

मुंगीने आबांकडे पाहिलं. त्यांना प्रश्न ऐकू आला नव्हता. ते दाराकडे बघत उभे होते.

"दुकानातून आलोय. आबा आलेत."

आत कुजबुज झाली. मग बाई दाराशी येऊन म्हणाल्या, "ते विचारतायत, आणखी कोण आहे बरोबर?"

"मी, आबांची नात. मेसेज ज्या मुलीने पाठवला, ती."

या वेळी हेडमास्तरांचा आवाज आला, लांबून, आतल्या खोलीतून. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज. "विद्यापीठातली?"

उत्तर तिला हळूही देता आलं असतं. गल्लीत समोरच्या गॅलरीत माणसं होती; एक ओळखीची शेजारीण दोरीवरचे कपडे काढताना थांबली होती. हळू बोललेलं आतल्या खोलीपर्यंत गेलं नसतं.

"नाही सर," मुंगी मोठ्याने म्हणाली. "विद्यापीठात नापास झाले. कम्युनिटी कॉलेजातली."

शेजारणीच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. बाई दारापाशीच असाव्यात. बांगड्या एकदा वाजल्या आणि थांबल्या.

"काय म्हणाले?" आबांनी विचारलं.

"अजून काही नाही."

आबांनी कोट एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला, डावा खांदा दबणार नाही असा. आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. दार अजून बंद होतं.